छापील किंमत

आमच्या घरावर एका माणसाचे काही हजार रुपये निघतात. नेमके किती, ते कुणी कधी कागदावर मांडलं नाही. काका गेले, पाठोपाठ काकी गेल्या, ज्यांनी ते पैसे द्यायचे ते आमचे अण्णाही गेले. देणं तेवढं राहिलं. बरं, हे पैसे आम्ही उसने घेतलेले नव्हते. काकांनी ते आमच्याकडून घेतले नाहीत, म्हणून ते निघतात. हे कोडं उलगडायचं तर फियाट गाडीची त्या वेळची किंमत सांगायला हवी. खरं तर दोन किमती, कारण तेव्हा गाडीला दोन किमती असत.

पहिली छापील. मोटार ही सरकारच्या लेखी चैनीची वस्तू, तरी तिची किंमत मात्र सरकार ठरवायचं. १९६९ मध्ये केंद्रानं गाड्यांच्या किमती बांधून दिल्या. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, चौकशी आयोग बसला, एक गाडी बनवायला खर्च किती येतो याचा कीस पाडला गेला आणि १९७१ मध्ये निकाल लागला. या सगळ्या उठाठेवीत फियाट पंधरा-सोळा हजारांच्या घरात राहिली. शाळामास्तरचा काही वर्षांचा अख्खा पगार म्हणा ना.

दुसरी किंमत बाजारातली. खिशात पंधरा हजार आहेत म्हणून गाडी मिळायची नाही. नाव नोंदवायचं, पोस्टात अनामत ठेवायची आणि नंबर लागायची वाट बघायची. मुलगी जन्मली तेव्हा नाव नोंदवलं आणि ती शाळेत जायला लागली तरी गाडीचा पत्ता नाही, अशा गोष्टी घरोघर ऐकू यायच्या. ज्याचा नंबर लागे त्याच्या दारात दलाल हजर. नवी गाडी ठरावीक मुदतीपर्यंत विकायला बंदी होती. ती मुदत सरली की वापरलेली, घासलेली, पोपडे निघालेली फियाट नव्या फियाटपेक्षा महाग जायची. छापील किमतीच्या वर जे मोजायचे त्याला 'ऑन' म्हणत. ऑनचा व्यवहार रोखीचा, पावती नाही, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नसे. सिमेंटला ऑन, फोनला ऑन, तसा गाडीला.

काका आमचे शेजारी. मुलुंडला एकाच मजल्यावर, एक दार सोडून. मूळचे चिपळूणकडचे. कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये इन्स्पेक्शनला होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी. आधी तिनं अमेरिकन डॉज आणि प्लिमथ जोडल्या, मग इटलीतल्या फियाटशी करार करून फियाटच्या गाड्या बनवायला घेतल्या. १९५४ पासून फियाट ११००, म्हणजे लोकांची 'डुक्कर फियाट'. १९६४ मध्ये तिच्या जागी चौकोनी चेहऱ्याची डिलाइट आली. पुढं फियाटचं नाव गळलं तेव्हा १९७२ मध्ये तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. बारसं तीनदा झालं, गाडी तीच. काकांना या नावांचं काही पडलेलं नव्हतं. ते तिला 'अकराशे' म्हणत.

दिवसभर ज्या गाड्यांची दारं उघडमीट करून बघतो, ज्यांच्या पत्र्यावरून हात फिरवतो, त्यातली एक आपल्या दारात उभी असावी, एवढाच त्यांचा हट्ट. नाव फार पूर्वी नोंदवलेलं. नंबर लागला तेव्हा गावच्या जमिनीच्या वाटणीचे पैसे नुकतेच हातात आले होते, ते तिच्यात घातले. १९७१ ची डिलाइट, फिकट निळी. नोकरीला मात्र ते लोकलनंच जायचे. गाडी रविवारी निघायची, काकींना भांडुपला बहिणीकडे सोडायची आणि परत यायची. बाकी आठवडाभर चाळीच्या मागच्या बाजूला कापडाखाली.

आता आमच्या घरातली अडचण. माझ्या थोरल्या ताईला लहानपणी पोलिओ झाला होता. डावा पाय गेलेला, उजव्यात थोडी ताकद. हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत तिला न्यायला लागायचं, कधी कॅलिपर बदलायला, कधी व्यायामासाठी. मुलुंड ते दादर, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे, मग महालक्ष्मी, पुढं टॅक्सी. ताई तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. तिला उचलून घेतलेलं तिला खपायचं नाही आणि पूल तर तिला एकटीला चढवायचा नाही. आई वाटेत एक शब्द बोलायची नाही आणि घरी आली की भांडी जोरात घासायची. अण्णांचा छोटा छापखाना होता, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांचा. टॅक्सीनं सगळा प्रवास करणं एखाद्या वेळी ठीक, दर खेपेला नाही.

काकांनी एका रविवारी ताईला हाजी अलीला नेलं. मला आठवतं ते त्यांनी तिला कुठं बसवलं ते. मागच्या सीटवर नाही, पुढं. फियाटची पुढची सीट म्हणजे सलग बाक, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खालून आलेला. म्हणजे ड्रायव्हर आणि शेजारचा यांच्यामध्ये जमिनीतून वर आलेलं काही नाही. दार उघडलं, ताई पाठमोरी बसली, कॅलिपरची गुडघ्याची कडी सोडली आणि नुसती सरकून आत गेली. कुणी हात लावला नाही. आई मध्ये, ताई खिडकीशी, पाय आईच्या मांडीवर. त्रिकोणी काच तिनं स्वतः वळवून वारा तोंडावर घेतला. गाडीच्या माहितीपत्रकात 'कॉलम शिफ्ट, बेंच सीट' एवढंच छापलेलं असतं. त्याचा अर्थ काय, हे मी ताईला बसताना बघितलं तेव्हा कळलं. पुढं सगळ्या गाड्यांचे गिअर जमिनीवर आले, दोन वेगळ्या खुर्च्या आल्या. लोकांना ते जास्त आधुनिक वाटलं. ताईला नाही.

परत आल्यावर काकांनी अण्णांना गच्चीवर बोलावलं. हा संवाद मी अण्णांकडून पुढं इतक्या वेळा ऐकलाय की आता तो माझ्याच समोर झाला असं वाटतं.

"अण्णा, गाडी तुम्ही घ्या."

"दादा, आमची ऐपत आहे का? बाजारात आज तुमच्या गाडीला किती येतील माहितीय?"

"बाजाराचं काय सांगता? मी घेतली त्या पैशांना देतोय. तेही एकदम नकोत, जमेल तसे द्या."

अण्णा स्वाभिमानी. ते म्हणाले, ऑन निदान अर्धा तरी घ्या, नाहीतर मला गाडी नको. त्यावर काका जे बोलले ते आमच्या घरात म्हणीसारखं झालं आहे. "अण्णा, ती गाडी काय किमतीला बनते ते मी रोज बघतो. वरचे पैसे गाडीचे नाहीत, रांगेचे आहेत. आणि रांगेत मी फुकटच उभा होतो."

व्यवहार झाला. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अण्णा पाकीट घेऊन एक दार ओलांडून जायचे, काकी चहा टाकायच्या, काका पाकीट न मोजता देव्हाऱ्यात ठेवायचे. व्याज नाही, कागद नाही. आरटीओत नाव बदललं ते पहिल्या हप्त्याच्याही आधी.

लालबहादूर शास्त्रींच्या फियाटची गोष्ट अण्णांना फार प्रिय होती, ती इथंच सांगून टाकतो. १९६४ मध्ये, पंतप्रधान असताना, शास्त्रींनी फियाट घ्यायचं ठरवलं. किंमत १२ हजार. घरचे सात हजार निघाले, उरलेल्या पाच हजारांचं कर्ज पंजाब नॅशनल बँकेतून काढलं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्री गेले, कर्ज शिल्लक राहिलं आणि त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी ते आपल्या पेन्शनमधून फेडलं. ती गाडी दिल्लीत शास्त्रींच्या स्मारकात आहे. अण्णा म्हणायचे, "बघ, देशाच्या पंतप्रधानाचं कर्ज फिटलं. आपलं फिटणार नाही, कारण आपल्याकडून घ्यायलाच कुणी तयार नाही." हे ते तक्रारीच्या सुरात म्हणायचे, आणि ती तक्रार खरी होती. कुणाच्या उपकाराखाली राहणं अण्णांना जड जायचं. काकांच्या घरची लग्नपत्रिका असो, बाराव्याचं कार्ड असो, छपाईचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. पण काकांच्या घरात कार्यं तरी किती होणार? त्यांना मूलबाळ नव्हतं.

गाडीसोबत काका आले, हा आमचा खरा फायदा. गाडी विकल्यावरसुद्धा रविवारी सकाळी ते तिच्याशीच असायचे आणि त्यांच्या हाताखाली मी. चौथी-पाचवीत असेन. त्यांनी मला पहिल्यांदा पाढा दिला तो फायरिंग ऑर्डरचा: एक-तीन-चार-दोन. सिलिंडर ओळीनं चार, पण ठिणगी त्या क्रमानं पडते. का, ते नंतर सांगू, आधी पाठ कर. मग डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून सीबी पॉइंट दाखवले. दोन इवल्याशा टाचण्यांसारखे ठिपके, एकमेकांना चिकटतात आणि सुटतात. सुटतात तेव्हा त्यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी फट पडली पाहिजे. पॉलिश पेपरनं घासायचे, फीलर गेजचं पातं मध्ये घालायचं, ते अडकत जायला नको आणि ढिलंही नको. "पातं ओढताना लोण्यातनं सुरी आल्यासारखं लागलं पाहिजे," काका म्हणायचे. माझ्या बोटांना ते लागायला बरेच रविवार गेले. लागलं त्या दिवशी काकांनी टोपी बसवली, क्लिपा चढवल्या, चोक अर्धा ओढला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

माहितीपत्रकही त्यांनीच वाचायला शिकवलं. इंजिन १०८९ सीसी, असं त्यावर छापलेलं. मी विचारलं, अकराशे म्हणता आणि मग हे १०८९ कुठून आले? काका म्हणाले, "काढ." बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, सिलिंडर चार. घनफळाचं सूत्र शाळेत यायला अजून अवकाश होता. त्यांनी ते खडूनं फरशीवर लिहून दिलं. मी बावीस सप्तमांश धरून गुणाकार केला, उत्तर आलं जवळजवळ १०९०. छापील आकड्यापेक्षा एक जास्त. मला वाटलं गुणाकारात घोळ झाला. काकांनी तपासला, बरोबर होता. मग म्हणाले, आता ३.१४ धरून कर. केलं, तर १०८९ ला अगदी थोडंसं कमी. "बावीस सप्तमांश जरासं जास्त, तीन पूर्णांक चौदा जरासं कमी. खरं दोहोंच्या मध्ये. कंपनीनं मधलं छापलंय." पाय म्हणजे काय हे मला त्या फरशीवर समजलं, वर्गात नाही. मी पुढं पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागलो आणि निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नव्या तुकडीला हेच गणित घातलं. त्यातल्या कुणी फियाट बघितलेली असो वा नसो.

बाकीचे आकडेही मला अजून तोंडपाठ आहेत. ताकद साधारण चाळीस अश्वशक्ती. चार गिअर. ओढ मागच्या चाकांना. पुढं कॉइल स्प्रिंग, मागं पाटे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. वजन नऊशे किलोच्या आत, लांबी ३.९३ मीटर. या शेवटच्या आकड्याची मला गंमत वाटते. २००६ पासून आपल्याकडे चार मीटरच्या आत लांबी आणि बाराशे सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असेल तर गाडीला करात सवलत मिळते. म्हणून कंपन्या सेडानची शेपटी कापून तिला मापात बसवतात आणि त्या शेपटीकडे बघवत नाही. आमची अकराशे न कापता मापात बसते, डिकीसकट. सहा माणसंही बसायची. चाळीस अश्वशक्तीत सहा माणसं आणि चिपळूणची आंब्याची पेटी! आजच्या गाडीला तेवढी ताकद दिली तर गिऱ्हाईक शोरूममधूनच परत जाईल.

चिपळूणचा रस्ता म्हणजे या आकड्यांची परीक्षा. पेण, नागोठणे, महाड, पोलादपूर आणि मग कशेडी. मे महिन्यात दुपारी कशेडी चढायला घेतला की इंजिन आधी पुटपुटायचं, मग आचके द्यायचं, मग बंद. पेट्रोल संपलेलं नसायचं. पंपातच त्याची वाफ झालेली असायची, आणि तो पंप वाफ ओढू शकत नाही. अण्णा घाबरून बॉनेट उघडायचे. काका मात्र शांतपणे खाली उतरून काकींकडून ओला पंचा मागून घ्यायचे, पंपाला गुंडाळायचे आणि सावलीत बसून तंबाखू मळायचे. तंबाखू मळून होईपर्यंत पंप निवायचा. उतारावर दुसरा गिअर, ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. ड्रम तापले की ब्रेक लागत नाहीत. हे मी पुढं शेकडो मुलांना शिकवलं. त्या घाटात ताई पुढच्या सीटवर बसून समोरून येणाऱ्या ट्रकांवर लक्ष ठेवायची आणि 'थांब' किंवा 'जा' म्हणायची. मी गाडी शिकलो ती तिच्या या हुकमांवर.

दत्ता सामंतांच्या संपाच्या काळात काका बरेच दिवस घरी होते. त्यांच्या हातात पैसा नाही हे अण्णांना दिसत होतं. ही संधी साधून अण्णा पुन्हा ऑनची गोष्ट काढायला गेले. काका चिडले. त्यांना चिडलेलं मी तेवढंच बघितलं. "संपातली उधारी वेगळी, गाडीची वेगळी. उधार द्यायचे तर द्या, मी परत करीन." अण्णांनी दिले, आणि काकांनी ते पै-पै परत केले. म्हणजे तिथंही आमचं काही जमा झालं नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि काकांना कळून चुकलं. ते एका ओळखीच्या माणसाच्या मारुतीत बसून आले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पॉइंट साफ करायची पाळी फार येणार नाही तिला." यात कौतुक किती आणि दुःख किती हे ठरवणं कठीण होतं. मला विचाराल तर प्रीमियरनं ही गाडी फार वर्षं तशीच ठेवली. गिऱ्हाईक रांगेत उभं आहे तोवर गिअरच्या दांड्याचे झिजलेले बुश बदलून नवी रचना करायची गरज कुणाला वाटणार? रांगेनं गिऱ्हाईकाला नाडलं तसं कंपनीलाही नाडलं. काकांना हे पटायचं नाही, पण ते वादही घालायचे नाहीत. कारखान्यातून ते वेळेवर निवृत्त झाले. २००० साल उलटता उलटता पद्मिनी बनायची थांबली तेव्हा ते गावी होते. कुर्ल्याच्या त्या जागेवर आता कोहिनूर सिटीचे टॉवर आहेत. मुंबईची शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. ती बातमी मी ताईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "टॅक्सीच्या गेल्या. आपली आहे."

आहे, पण मुलुंडला नाही. आमची इमारत पाडून नवी बांधायला काढली तेव्हा गाडी ठेवायची कुठं हा प्रश्न पडला. काकांची पुतणी चिपळूणला असते, तिच्या अंगणात पत्र्याची शेड होती. तिनं विचारायच्या आतच 'आणा' म्हणून टाकलं. भाडं देऊ केलं तर हसली. तिथं गाडी असताना २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचा पूर आला. चिपळूण बाजारपेठेत पाणी किती चढलं ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. पुतणीच्या अंगणात ते गाडीच्या सीटपर्यंत आलं.

मला तिचा फोन आला तो बऱ्याच दिवसांनी, आणि गाडी चालू असल्याचा. स्वतःच्या घरातला चिखल उपसत असताना या बाईनं गाडीला किल्ली लावू दिली नाही कुणाला. आधी प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढलं, ऑइल सोडून डिझेलनं धुऊन घेतलं, डायनमो आणि स्टार्टर उघडून वाळवले, डिस्ट्रिब्युटर पुसून पॉइंट नवे घातले. हे सगळं तिला कुणी सांगितलं? काका सुट्टीत गावी यायचे तेव्हा त्यांच्या स्कूटरवर तिनं हात काळे केलेले होते. सीट मात्र फेकाव्या लागल्या. तिनं नव्या करून घेतल्या, आणि मिस्त्री दोन वेगळ्या खुर्च्या सुचवत असताना पुढची सलगच करून घेतली. "ताईंना सरकायला लागतं ना," असं मला म्हणाली.

खर्च किती आला, हे चार वेळा विचारलं तरी सांगेना. शेवटी मी गॅरेजवाल्याला गाठून आकडा काढून घेतला आणि यूपीआयनं तेवढे पाठवून दिले. संध्याकाळी पैसे परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवले. या वेळी ते परत आले ते एक रुपया जास्त घालून, शकुनाचा म्हणून. मी तिसऱ्यांदा पाठवायला मोबाइल उचलला तर ताई म्हणाली, "आता थांब, नाहीतर ती एकशे एक पाठवील."